रांगेतल्यांचं राजकारण

10 जुलै 2019 रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं 365 विरुद्ध 65 मतांनी एक विधेयक मंजूर केलं. ते वर्ष उजाडलं तेव्हा दोन पक्षांच्या भांडणापायी केंद्र सरकारचा बराचसा कारभार ठप्प होता, आणि ती बंदी 35 दिवस चालली होती. अशा वर्षात 365 मतं म्हणजे जवळपास एकमतच. विधेयक आणलं होतं कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट झोई लॉफग्रेन आणि कोलोरॅडोचे रिपब्लिकन केन बक यांनी मिळून. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांवरची देशनिहाय मर्यादा उठवायची, हा त्याचा गाभा. त्या संध्याकाळी आमच्या न्यू जर्सीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत होते. कुणीतरी लिहिलं, "झालं एकदाचं!"

झालं मात्र नाही. आजही तो कायदा नाही. पक्ष आणि दबावगट मिळून अमेरिकेचं सरकार कसं चालवतात हे मला या एका विधेयकामागे धावताना जेवढं कळलं, तेवढं नागरिकत्वाच्या परीक्षेच्या पुस्तिकेतून कळलं नव्हतं.

आधी रांगेविषयी. 1990 च्या कायद्यानं नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीनकार्डं ठेवली. यात अर्जदाराची बायको किंवा नवरा आणि मुलं हेही मोजले जातात. वर अट अशी की कुठल्याही एका देशाच्या लोकांना 7 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. नोकरीसाठीच्या तात्पुरत्या एच-1बी व्हिसाला अशी देशनिहाय मर्यादा नाही. त्यामुळे आत येणाऱ्यांत भारतीय पुष्कळ आणि कायम राहण्याच्या दारात मात्र चिंचोळी वाट. इतर देशांचा न वापरलेला वाटा खाली झिरपतो, तरी रांग वाढतच जाते. अमेरिकन संसदेच्याच संशोधन विभागानं 2020 मध्ये मांडलेला हिशेब असा होता की ईबी-2 गटात, म्हणजे उच्च पदवीधारकांच्या गटात, नव्यानं उभ्या राहिलेल्या भारतीयाला 195 वर्षं थांबावं लागेल. आमच्या घरांतून दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणारं सरकारी पत्रक, कधी येतं याची वाट पाहिली जाते. तारीख पुढे सरकली की फोन येतात. मागे गेली की कुणी कुणाला फोन करत नाही.

आता या रांगेतल्या माणसाची राजकीय ताकद मोजा. त्याला मत नाही. उमेदवाराला देणगी द्यायला जावं, तर ग्रीनकार्ड नसलेल्या परदेशी माणसाकडून एक डॉलर घेणंही बेकायदा. मतही नाही, पैसाही नाही. पण दोन गोष्टी त्याच्याकडे आहेत. 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीप्रमाणे प्रतिनिधीगृहाच्या जागा राज्यांना वाटताना तिथे राहणारी सगळी माणसं मोजली जातात. मत नसलं तरी गणती होते, म्हणजे मतदारसंघ त्याचाही असतो. आणि 1791 ची पहिली दुरुस्ती सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क देते. तिथे शब्द 'लोक' असा आहे, 'नागरिक' असा नाही. याच आधारावर 2005 च्या अखेरीस 'इमिग्रेशन व्हॉइस' नावाची रांगेतल्यांची संघटना उभी राहिली, आणि याच आधारावर मी, तेव्हा एच-4 वर, म्हणजे एच-1बीवाल्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर, घरी बसलेली, वॉशिंग्टनला गेले.

त्या दिवसांविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण दबावगट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंद दारामागची पाकिटं येतात. पैसा आहेच, सगळ्यांचा मिळून केंद्रीय पातळीवरच्या लॉबिंगचा नोंदलेला खर्च आता वर्षाला 4 अब्ज डॉलरच्या वर आहे. 1995 च्या कायद्यामुळे कुणी कुणाला कशासाठी किती दिले याची नोंद सरकारकडे करावी लागते आणि ती कुणालाही पाहता येते. पण मी पाहिलेलं लॉबिंग वेगळं होतं. न्यू जर्सीहून पहाटेची गाडी, युनियन स्टेशनच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी जमायचं, तिथे गट पाडायचे, आणि मग दिवसभर कॅनन, लाँगवर्थ, रेबर्न या इमारतींच्या संगमरवरी बोळांतून चालायचं. प्रत्येक खासदाराच्या दाराबाहेर त्याच्या राज्याचा झेंडा, पितळी पाटी. आत एक टेबल, त्यामागे उन्हाळी इंटर्न. खासदार सहसा भेटत नाहीत. भेटतो तो त्यांचा सहायक. वय चोवीस-पंचवीस, डोळ्यांवर झोप, हातात वही. ऑफिस इतकं लहान की कित्येकदा बोलणं बोळातच उभ्यानं.

संघटनेच्या लोकांनी आम्हाला पक्कं पढवलं होतं. पहिल्या वाक्यात झिप कोड सांगा, म्हणजे तुम्ही त्यांच्याच मतदारसंघातले हे कळेल. पंधरा मिनिटांच्या वर बोलू नका. कुठल्याही पक्षाविषयी चकार शब्द काढू नका. दुसऱ्या देशाच्या लोकांना नावं ठेवू नका. एका पानाचा कागद द्या, दोन पानं कुणी वाचत नाही. आणि शेवटी विचारा, "सह-प्रायोजक व्हाल का? विधेयकाला आपलं नाव जोडाल का?" सहायकांची एक ठरलेली विचारणा असे: "तुमचा आस्क काय?" गाऱ्हाणं ऐकायला त्यांची ना नसते, पण करायचं काय हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. कुठल्या नंबरचं विधेयक, त्यावर कुठली कृती. मी मुंबईत वाढले, तिथे नगरसेवकाच्या ऑफिसात लोक गाऱ्हाणं सांगतात आणि काय करायचं ते साहेबांवर सोडतात. इथे तसं चालत नाही.

आमच्या गटात नांदेडच्या एक बाई होत्या. तिकडे दंतवैद्य, इकडे एच-4 वर घरी. मुलगी दोन वर्षांची असताना आलेल्या. त्यांनी कागद काढलाच नाही. म्हणाल्या, "माझी मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. एकविसावं लागलं की ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल. मग स्टुडंट व्हिसा, नाहीतर भारत. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मी तिला कुठे पाठवू?" सहायक लिहायचा थांबला. त्यानं विचारलं, "पण ती इथेच शाळेत गेली ना? मग ती इथलीच नाही का?" कायदे करणाऱ्या इमारतीत काम करणाऱ्या त्या मुलाला हे माहीत नव्हतं. त्यात त्याचा दोष नाही. एका काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या दोन वर्षांच्या एका मुदतीत, दहा हजारांहून जास्त विधेयकं मांडली जातात, त्यातली काही शेच कायदा होतात; कुणाला काय काय माहीत असणार? दबावगटाचं पहिलं काम हेच की ज्याला माहीत नाही त्याला माहीत करून देणं. त्या मुलानं वहीत वर चौकट आखून 'एकवीस' असं लिहिलं. काही आठवड्यांनी ते खासदार सह-प्रायोजक झाले. बाईंच्या बोलण्यामुळेच झाले असं मी म्हणणार नाही, पण मला तसं वाटतं.

याच बोळांत बऱ्याच आधी एक भारतीय माणूस असाच हिंडला होता, हे मला नंतर वाचून कळलं. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. मत नाही, आणि ते कधी मिळण्याची सोयही नाही. 1940 च्या दशकात न्यूयॉर्कमधले व्यापारी जे. जे. सिंग यांनी इंडिया लीग ऑफ अमेरिका या संस्थेच्या वतीनं काँग्रेसमध्ये खेटे घालायला सुरुवात केली. त्या वेळी अख्ख्या अमेरिकेत भारतीय उणेपुरे काही हजार. सिंग यांनी दोन्ही पक्षांत माणसं शोधली. कनेटिकटच्या रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि ब्रुकलिनचे डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर. 2 जुलै 1946 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. वर्षाला 100 भारतीयांना प्रवेश आणि इथल्या भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क. शंभर हा आकडा आज वाचताना काळजाला लागतो. पण त्याच कायद्यामुळे दलीपसिंग सौंद 1949 मध्ये नागरिक झाले आणि 1956 मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले, आशियाई वंशाचे पहिले खासदार. आज डेट्रॉइटचं प्रतिनिधित्व बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार करतात, तेव्हा त्यांच्या पायाखाली त्या शंभराच्या कोट्याची वीट आहे. 1946 मध्ये सिनेटच्या इमिग्रेशन समितीचे अध्यक्ष होते जॉर्जियाचे रिचर्ड रसेल, वर्णभेदाच्या बाजूनं हयातभर लढलेले. सिनेटच्या एका इमारतीला आज त्यांचंच नाव आहे, आणि आमच्या गटातल्या बायका सलवार-कमीज घालून, हातात कागद घेऊन त्याच इमारतीत शिरल्या होत्या. मला तो दिवस फार मोलाचा वाटतो.

2007 मधली गोष्टही विसरू नये. जुलैच्या बुलेटिननं सगळ्यांच्या तारखा खुल्या केल्या. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांना पैसे भरले. 2 जुलैला सरकारनं शब्द फिरवला. तेव्हा हिंदी सिनेमामुळे 'गांधीगिरी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, आणि रांगेतल्या लोकांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांच्या नावे देशभरातून फुलं पाठवली. संचालकांनी ती जखमी सैनिकांच्या इस्पितळांकडे वळवली. पंधरवड्यात निर्णय फिरला, 17 ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. कोर्टकचेरीची तयारीही बाजूला चालूच होती, पण बातमी झाली ती फुलांची.

आता सिनेट. 365 मतांचं विधेयक तिथे गेल्यावर काय झालं?

युटाचे रिपब्लिकन माइक ली यांनी त्याचं सिनेटमधलं रूप आणलं होतं, सोबतीला कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट कमला हॅरिस. सिनेटमध्ये विधेयक रीतसर चर्चेला घेणं म्हणजे कित्येक दिवसांचा खर्च. चर्चा लांबवून अडवणाऱ्यांना थांबवायला 60 मतं लागतात, आणि वेळापत्रक बहुमतातल्या पक्षाच्या नेत्याच्या हातात. तो नेता, मिच मॅकॉनेल, यांनी हे विधेयक रीतसर मतदानाला आणलं नाही. मग उरते दुसरी वाट, सर्वसंमतीची. एक सिनेटर उभा राहतो आणि म्हणतो, हे विधेयक सर्वसंमतीनं मंजूर समजावं. अध्यक्षस्थानावरून विचारणा होते, कुणाचा आक्षेप आहे का? शंभरातल्या एकानं आक्षेप घेतला की खेळ खलास. हे सगळं टीव्हीवर थेट दिसतं. सभागृह जवळजवळ रिकामं असतं. ली उभे राहतात, वाचतात. पलीकडून एक जण उठतो, दोन मिनिटं बोलतो, आक्षेप नोंदवतो. सभागृह पुढच्या कामाला लागतं. टीव्हीपुढे बसलेल्या माझ्या मैत्रिणींचं आयुष्य त्या दोन मिनिटांत अडकलेलं असे.

2019 मध्ये आधी केंटकीचे रँड पॉल यांनी आक्षेप घेतला, नर्सेसचं काय म्हणून. मग जॉर्जियाचे डेव्हिड पर्ड्यू यांनी. मग इलिनॉयचे डेमोक्रॅट डिक डर्बिन यांनी. त्यांचं म्हणणं, एकाच तुकड्याची वाटणी बदलण्यापेक्षा एकूण ग्रीनकार्डंच वाढवा. त्या काळात मला या प्रत्येकाचा संताप येत असे. आज मी त्यांची कारणं नीट वाचू शकते. फिलिपिन्सहून येणाऱ्या नर्सेस याच 1,40,000 मधून येतात. मर्यादा उठली तर काही वर्षं सगळी कार्डं जुन्या भारतीय अर्जदारांना जातील आणि खेड्यातल्या इस्पितळांना नर्सेस मिळणार नाहीत, ही भीती खोटी नव्हती. इराणी-अमेरिकनांच्या संघटनेनं म्हटलं, तुमची रांग कमी होईल ती आमची वाढून. तेही खरंच. नंबर्सयूएसएसारख्या, स्थलांतरच कमी करा म्हणणाऱ्या संघटनांचा विरोध होताच. आणि 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीतल्या अमेरिकन कर्मचाऱ्यांना, आपल्या जागी येणाऱ्या भारतीय कंत्राटी माणसांना काम शिकवून घरी जावं लागलं. त्यांची संघटना कोर्टात गेली. त्यांनाही गाऱ्हाणं मांडण्याचा तोच हक्क आहे. माझ्या मैत्रिणीचं दुःख खरं म्हणून त्यांचं खोटं ठरत नाही.

ली आणि डर्बिन यांच्यात तडजोड झाली, कलमं बदलली, आणि 2 डिसेंबर 2020 रोजी सिनेटनं विधेयक सर्वसंमतीनं मंजूर केलं. पण आता दोन सभागृहांचे मसुदे वेगळे झाले होते. सिनेटच्या मसुद्यात चिनी कम्युनिस्ट पक्षाशी संबंध असलेल्यांना वगळणारं कलम होतं, नव्या अटी होत्या. लॉफग्रेन यांना तो जसाच्या तसा मान्य नव्हता. महिनाभर बोलणी चालली. 3 जानेवारी 2021 ला ती काँग्रेस संपली आणि विधेयक तिच्याबरोबर संपलं. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं, तरी शून्य. त्याच्याही आधी, 2011 मध्ये, असंच विधेयक प्रतिनिधीगृहानं 389 विरुद्ध 15 मतांनी मंजूर केलं होतं आणि तेही सिनेटमध्येच अडकलं होतं. डिसेंबर 2022 मध्ये पुढचं रूप मतदानाच्या उंबरठ्यावरून मागे घेतलं गेलं.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसन, यानं 1787 मध्ये लिहिलं होतं की स्वातंत्र्य असेल तिथे गट पडणारच. देश मोठा ठेवा, गट पुष्कळ होऊ द्या, म्हणजे कुणा एकाला बाकीच्यांना चिरडता येणार नाही. त्याचा हिशेब बरोबर होता. 2017 मध्ये कायदेशीर स्थलांतर जवळपास निम्म्यावर आणणारं विधेयक आलं, राष्ट्राध्यक्षांनी त्याची भलावण केली, आणि त्यावर साधं मतदानही झालं नाही. आम्हाला अडवणाऱ्या व्यवस्थेनंच तेव्हा आम्हाला वाचवलं. या देशात 'नाही' म्हणायला एक माणूस पुरतो आणि 'हो' म्हणायला दोन सभागृहं, दोन पक्ष, एक राष्ट्राध्यक्ष आणि नशिबाची साथ लागते. जैसे थे ज्यांना सोसवतं त्यांना ही व्यवस्था परवडते. ज्या मुलीला दोन वर्षांत एकविसावं लागणार आहे तिला ती परवडत नाही.

आणि पक्ष? दबावगट दार ठोठावतात, पण काय मतदानाला येणार हे पक्षाचे नेते ठरवतात, आणि नेते बघतात प्राथमिक निवडणुकांकडे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकांकडे. 2013 मध्ये सिनेटनं सर्वसमावेशक इमिग्रेशन विधेयक 68 विरुद्ध 32 नं मंजूर केलं; त्यात आमची देशनिहाय मर्यादाही जाणार होती. प्रतिनिधीगृहातल्या रिपब्लिकन नेत्यांनी ते पटलावर घेतलंच नाही. जून 2014 मध्ये त्याच पक्षाचे सभागृह नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या आपल्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत एका फारशा कुणाला माहीत नसलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. प्रचारात इमिग्रेशनचा मुद्दा तापवला गेला होता. एकूण मतं पडली सुमारे 65 हजार. त्या निकालानंतर त्या काँग्रेसमध्ये ते विधेयक पटलावर आणायची कुणाची छाती झाली नाही. डेमोक्रॅटांकडे अडचण दुसरी. कागदपत्रं नसलेल्या सव्वा कोटीच्या आसपास लोकांचा प्रश्न सोडवल्याशिवाय सुशिक्षित भारतीयांचं सुटं काम आधी का करायचं, असा सवाल त्या पक्षात प्रामाणिकपणे विचारला जातो. त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

आमच्या गटाची खरी दुखरी नस मात्र आमच्यातच आहे. ज्यांना निकड आहे त्यांना मत नाही, आणि मत मिळेपर्यंत निकड संपलेली असते. ग्रीनकार्ड आलं की माणूस ग्रुप सोडतो. मी दरवेळी ते पाहिलंय: "थँक्स एव्हरीवन, ऑल द बेस्ट" आणि नाव गायब. यशस्वी झालेला प्रत्येक सभासद संघटनेतून वजा होतो. मोटेल चालवणाऱ्या गुजराती मंडळींचं बघा. बँका कर्ज देईनात, विमा कंपन्या दारात उभं करेनात, म्हणून ते एकत्र आले आणि 1989 मध्ये आहोआ ही हॉटेलमालकांची संघटना काढली. त्यांचा धंदा टिकला म्हणून संघटनाही टिकली. आज त्यांचे लोक वॉशिंग्टनला गेले की खासदार स्वतः भेटतात. आमची रांग म्हणजे धंदा नव्हे. सुटली की सुटली.

आपल्या महाराष्ट्र मंडळांचं काम मी मनापासून करते. गणपती, दिवाळी अंक, नाटकं, मराठी शाळा, सगळं. राजकारण मंडळात नको, हा नियमही मला मान्य आहे, कारण एकाच पंगतीत दोन्ही पक्षांची माणसं बसतात. पण एका मुलीला तिच्या एकविसाव्या वाढदिवशी देशाबाहेर काढू नका, असं म्हणणं हे कुठल्या पक्षाचं काम आहे? अशी मुलं दोन लाखांच्या वर आहेत. त्यांच्याचपैकी काहींनी 'इम्प्रूव्ह द ड्रीम' ही संघटना काढली, आणि त्यांच्यासाठी 2021 मध्ये मांडलेल्या विधेयकाच्या प्रायोजकांत कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट ॲलेक्स पडिया होते आणि केंटकीचे रँड पॉलही होते, तेच, ज्यांनी 2019 मध्ये आम्हाला अडवलं होतं. त्यांच्याकडे पुन्हा जायचं नाही असं त्या मुलांनी ठरवलं असतं तर हे घडलं नसतं.

नांदेडच्या बाईंची मुलगी आता कॅनडात नोकरी करते. आईवडील अजून न्यू जर्सीत, रांगेत.

न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबोरो, वेस्ट विंडसर इथे आता मतदान करणारी मराठी घरं पुष्कळ आहेत. आपल्या राज्यात प्राथमिक निवडणूक जूनमध्ये असते, आणि तेव्हा फार कमी लोक मतदानाला जातात, म्हणून जाणाऱ्याचं वजन वाढतं. विधेयक दर नव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे दर दोन वर्षांनी, पुन्हा मांडावं लागतं. त्यामुळे आपला खासदार मागच्या वेळी बाजूनं होता म्हणून या वेळी सह-प्रायोजक असेलच असं धरू नका. त्याच्या स्थानिक ऑफिसात फोन करा. आपण मतदार आहोत हे आधी सांगा, मग विधेयकाचं नाव, मग एकच प्रश्न: सह-प्रायोजक आहात का? उत्तर लिहून ठेवा आणि महिन्याभरानं पुन्हा विचारा. फोन उचलणारी मुलं अशा कॉलची नोंद ठेवतात, कुठल्या विषयावर किती फोन आले याचा हिशेब वर जातो, आणि सध्या त्या हिशेबात आपल्या नावावर फार थोडे फोन असतात.